शंभर रुपयांत शार्क

कुर्ल्याच्या शोभेच्या माशांच्या बाजारात शंभराची नोट पुढे केली की शार्कची जोडी मिळते आणि वर सुटे परत येतात. हवा भरलेली प्लास्टिकची पिशवी, तोंडाला रबरबँड, आत बोटभर लांबीचे दोन शार्क, आणि दुकानदाराचा फुकटचा सल्ला : दिवसातून दोनदा चिमूटभर दाणे, जास्त नको, पाणी नासतं. स्पीलबर्गने १९७५च्या त्या सिनेमात एका शार्कपायी केवढा खर्च केला! त्याला कुणी कुर्ल्याचा पत्ता दिला असता तर निर्मात्याचे पैसे वाचले असते.

शार्कचे प्रकारही मुबलक. सिल्व्हर शार्क, रेड टेल शार्क, रेनबो शार्क, अल्बिनो शार्क, रोझलाइन शार्क, आणि ज्याच्यासाठी दुसरं काही सुचलं नाही तो नुसता शार्क. यांतल्या एकाचंही समुद्रातल्या शार्कशी चुलत, मावस, लांबचं, जवळचं कसलंही नातं नाही. खऱ्या शार्कच्या अंगात हाड नसतं, सगळा सांगाडा कूर्चेचा. आणि डोक्यामागे दोन्ही बाजूंना कल्ल्यांच्या पाच ते सात उघड्या चिरा असतात. पिशवीतल्या वीराच्या कल्ल्यांवर मात्र रोहूला असतं तसंच झाकण. असायचंच, कारण सिल्व्हर, रेड टेल आणि रेनबो हे तिघेही रोहू-कटल्याच्या भावकीतले. पाठीवरचा पर जरा ताठ आणि त्रिकोणी निघाला, एवढ्या भांडवलावर त्यांना शार्कपद मिळालं. मुंबईत याहून कमी भांडवलावर माणसं 'भाई' होतात, त्यामुळे माशांची तक्रार कुठल्या तोंडाने करायची?

'नुसता शार्क' मात्र नीट बघण्यासारखा आहे. पाठ काळपट निळी, अंगावर लांब चंदेरी पट्टे, तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या, आणि पाठीवर शेपटीच्या अलीकडे आणखी एक चिमुकला मांसल पर. मिशा दिसल्या की समजावं, हा पंगस. शास्त्रीय नाव पंगासियानोडॉन हायपोफ्थाल्मस, मूळ गाव आग्नेय आशियातल्या मेकाँग आणि चाओ फ्राया या नद्या. पूर्ण वाढलेला पंगस १३० सेंटिमीटर लांब आणि ४४ किलो वजनाचा होऊ शकतो. म्हणजे ज्या चिरंजीवांच्या हट्टापायी तो घरी येतो, त्यांच्याहून जड. त्याची रवानगी होते दोन फुटी टाकीत. हा प्राणी मुळात घाबरट, थव्याने राहणारा. दिवा लावला, कुणी जवळ आलं, कुकरची शिट्टी झाली की सैरावैरा पळतो आणि काचेवर नाक आपटून घेतो. नाकाडाची सालटं निघतात. सोफ्यावर बसलेलं कुटुंब म्हणतं, "बघ बघ, अॅटॅक करतोय!"

हाच मासा आंध्र प्रदेशातल्या तळ्यांत टनांनी वाढवतात आणि हॉटेलात तो 'बासा' होऊन ताटात येतो. बासा हेही नाव उसनंच. खरा बासा म्हणजे पंगासियस बोकोर्टी, याचा चुलतभाऊ. आपल्या ताटात बहुतेक वेळा असतो तो हा टाकीतला. टाकीत शार्क, ताटात बासा, आणि स्वतःच्या नावाने कुठेच नाही. याच्यावरून आंतरराष्ट्रीय भांडणही झालेलं आहे. व्हिएतनामहून स्वस्तात येणारा हा माल 'कॅटफिश' म्हणून विकला जायला लागला, तेव्हा अमेरिकेतल्या कॅटफिशवाल्या शेतकऱ्यांचं पोट दुखलं आणि २००२ साली तिथल्या संसदेने ठरवून टाकलं की कॅटफिश म्हणायचं ते फक्त अमेरिकी घराण्याच्या माशांना. गंमत अशी, की शास्त्राच्या हिशेबाने पंगस हा शंभर टक्के कॅटफिश आहे. आयुष्यात एकदाच त्याच्यावर खरं नाव लागलं, तर त्याला कायद्याने बंदी!

आता कुणी म्हणेल, दुकानदार बिचारा काय मासेशास्त्रज्ञ आहे? घाऊकवाल्याने सांगितलं ते त्याने मार्करने काचेवर लिहिलं. मान्य. माल कोलकात्याहून येतो, चेन्नईच्या कोळत्तूरहून येतो, काही बँकॉकहून येतो. चार हात बदलतात आणि प्रत्येक हातात नाव थोडं झिजतं. पण निव्वळ अज्ञानातून होणारी चूक कधी इकडे झुकेल, कधी तिकडे. इथे काटा कायम एकाच बाजूला. 'फूटभर वाढेल म्हणून घेतला आणि तीन इंचांवरच थांबला' अशी तक्रार घेऊन आलेलं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. चुकीच्या नावाने मासा नेहमी लहान होतो, गरीब होतो, कामसू होतो किंवा विलायती होतो. मोठा, आळशी आणि गावठी कधीच होत नाही. इतकी शिस्तशीर चूक अज्ञानाला जमत नाही, तिला गल्ला लागतो.

आणि चौकशी केलीच, की "भाऊ, हा मोठा किती होतो?", तर त्याचं उत्तर देशभर एकच ठरलेलं आहे : "टाकी जेवढी, मासा तेवढा." हे वाक्य कुठल्या दुकानात जन्मलं देव जाणे, पण त्याला कोणत्याही माशाने आजवर संमती दिलेली नाही. छोट्या टाकीत मासा खुजा राहतो हे खरं. तो राहतो साचलेल्या घाणीने, वाईट पाण्याने आणि उपासमारीने, आणि असा खुजा मासा वर्षानुवर्षं जगत नाही. त्याच्या मरणाची बातमी दुकानात पोचते तेव्हा दुकानदार विचारतो, "पाणी कधी बदललं होतं?" म्हणजे खुनाचा आळ परत गिऱ्हाइकावर. गिऱ्हाईक खजील होतं आणि आणखी एक जोडी घेऊन जातं.

शार्क हा हौसेचा मामला झाला. खरी लबाडी नोकरवर्गात आहे.

टाकी घेणाऱ्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात : रंगीत मासे, आणि त्यांच्यामागे काच पुसणारा एक गडी. पगार नाही, सुट्टी नाही, दिवाळीचा बोनस नाही. दुकानदार काचेला तोंड लावून चिकटलेल्या दोन इंची काळ्या जिवाकडे बोट दाखवतो. "सकर घ्या, टाकी साफ ठेवतो." हा सकर बहुतेक वेळा टेरिगोप्लिक्थिस या दक्षिण अमेरिकी कुळातला असतो. जुन्या पुस्तकांनी आणि निम्म्या जगाने त्याला वर्षानुवर्षं हायपोस्टोमस प्लेकोस्टोमस म्हणून खपवलं, म्हणजे चुकीच्या नावाची परंपरा कुर्ल्यापुरती नाही. ओळखायची रीत सोपी आहे, फक्त मोजता आलं पाहिजे. त्याने पाठीवरचा पर उघडला की त्यातले काटे मोजायचे. आठ किंवा कमी, तर हायपोस्टोमस. नऊ किंवा जास्त, तर टेरिगोप्लिक्थिस. बाजारात भर गर्दीत माशाच्या पाठीवरचे काटे मोजणाऱ्या माणसाकडे लोक कसे बघतात, तो वेगळ्या सदराचा विषय.

मोजून साधतं काय? मोठे तर दोघेही होतात. साधतं ते तिसऱ्याला ओळखणं. ब्रिसलनोज नावाचा एक सकर आहे, तो चार-पाच इंचांवर खरोखर थांबतो आणि शेवाळही मन लावून खातो. नराच्या नाकाडावर मांसल धुमारे फुटलेले असतात, त्यामुळे वयात आलेला नर तरी चुकण्याची सोय नाही. गिऱ्हाइकाच्या मनात असतो हा ब्रिसलनोज. पिशवीतून येतो तो टेरिगोप्लिक्थिस, जो ४० ते ५० सेंटिमीटर वाढतो, अंगावर हाडांच्या पट्ट्यांचं चिलखत घालतो, रात्री टाकीतली झाडं उपटून ठेवतो, आणि जेवढी घाण पुसतो त्याच्या कित्येक पट स्वतः करतो. काच पुसायला ठेवलेल्या गड्यामागे दुसरा गडी ठेवायची वेळ येते.

त्याची दुसरी आवृत्ती म्हणजे 'अल्गी ईटर'. या एका नावाखाली निदान चार वेगवेगळे मासे विकले जातात. सोनेरी रंगाचा जो घरोघर दिसतो तो चायनीज अल्गी ईटर, गायरिनोकायलस. चीनशी याचा संबंध फारसा नाही, तोही मेकाँग आणि चाओ फ्रायाकडचा. निसर्गाने त्याची एक करामत केलेली आहे. त्याच्या कल्ल्यांना दोन्ही बाजूंना वरच्या अंगाला पाणी आत घेण्याची वेगळी वाट असते, त्यामुळे दगडाला तोंडाने चिकटलेलं असतानाही त्याचा श्वास चालू राहतो. तोंड न उघडता जगता येणारा असा प्राणी सरकारी कार्यालयांबाहेर विरळाच. लहानपणी हा शेवाळ खातो. मोठेपणी त्याला मांसाची चटक लागते, आणि मग तो एंजल किंवा डिस्कस अशा चपट्या, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा चिकट थर खरवडतो. सकाळी एंजलच्या अंगावर गोल चट्टे दिसतात. मालक औषध घालतो. गुन्हेगार काचेला चिकटून सज्जनपणे पुसपुस करत असतो.

खरा कामसू तो सियामीज अल्गी ईटर, क्रॉसोकायलस कुळातला. त्याचा तोतया म्हणजे फ्लाइंग फॉक्स. दोघांच्याही अंगावर नाकापासून शेपटीकडे जाणारा काळा पट्टा, दोघेही बारीक आणि चपळ. फरक असा बघायचा : खऱ्याचा पट्टा शेपटीच्या पराच्या टोकापर्यंत जातो आणि बाकीचे पर काचेगत पारदर्शक असतात. फ्लाइंग फॉक्सच्या पट्ट्यावर सोनेरी रेघ असते आणि परांना काळी-पांढरी किनार. तिसरा एक आहे, गारा कुळातला. त्याचा पट्टा शेपटीच्या मुळाशीच संपतो. चिवट काळं शेवाळ, ज्यापुढे हौशी माणसं रडकुंडीला येतात, ते आवडीने खाणारा यांतला पहिला. किनारवाला दिसायला देखणा, कामाला कमी आणि भांडायला पुढे. बाजारात अर्थातच किनारवाल्याला मागणी.

पिरान्हाची गोष्ट याहून रंगतदार आहे, कारण ती थेट कोळणीच्या पाटीपर्यंत जाते.

लाल पोटाचा, चंदेरी अंगाचा, काळपट ठिपक्यांचा इंचभर मासा 'पिरान्हा' म्हणून हळू आवाजात विकतात. आवाज हळू केला की किंमत चढते, हा व्यापाराचा नियम. बहुतेक वेळा तो असतो पाकू, पियारॅक्टस. लहान वयात पाकूचं रूप लाल पोटाच्या पिरान्ह्याशी इतकं जुळतं की भले भले फसतात. तोंड उघडून बघायचं. पिरान्ह्याचे दात त्रिकोणी, एकमेकांत बसणारे, आणि खालचा जबडा पुढे. पाकूचे दात चौकोनी, सपाट, माणसाच्या दाढांशी नातं सांगणारे. ॲमेझॉन आणि ओरिनोकोच्या खोऱ्यात पुराच्या दिवसांत हा झाडांवरून पाण्यात पडलेली फळं आणि कठीण बिया फोडून खातो. म्हणजे ज्याला गाय गिळणारा राक्षस म्हणून घरी आणलं, तो निम्मा शाकाहारी. मित्रांना बोलावून त्याच्यासमोर कोंबडीचा तुकडा टाकणाऱ्या तरुणांची मला मनापासून कीव येते. त्यांनी केळ्याचं काप टाकून बघावं.

२०१३च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्क आणि स्वीडनमधल्या ओरेसुंडच्या सामुद्रधुनीत एक पाकू सापडला, तेव्हा कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या तज्ज्ञाने पुरुषांना सल्ला दिला की चड्डी घालूनच पोहा. दाढांना बिया फोडायची सवय, म्हणून. सल्ला थट्टेतला होता. जगभरच्या वर्तमानपत्रांनी तो अत्यंत गांभीर्याने छापला.

भारतात हाच पाकू तळ्यांत वाढवतात आणि मासळी बाजारात त्याचं नाव 'रूपचंद'. रूपचंद म्हणून विकला तर तक्रार नाही. चांगला खाण्याजोगा मासा आहे. पण दोन गाळे पुढे गेलं की तोच 'पापलेट' होतो आणि किंमत उडी मारते. इथेही ओळख सोपी. पापलेटाच्या पोटाखाली परांची जोडी नसते, रूपचंदाला असते. शिवाय पाठीवर शेपटीआधी तो छोटा मांसल पर. मसाल्यात घोळून, तळून पुढ्यात आला की मात्र देवाचं नाव घ्यावं. टाकीत पिरान्हा, तळ्यात रूपचंद, हॉटेलात पापलेट. जातीचे दाखले काढणाऱ्यांनी या माशाकडे शिकवणी लावावी.

विलायतीच्या हौसेपोटी स्वतःच्या घरचं माणूस परकं होतं, ते बघायचं तर 'रोझलाइन शार्क'कडे या. टोकदार अंग, त्यावर काळा पट्टा आणि वर लालभडक रेघ. पाटीवर 'इम्पोर्टेड'. मासा केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या ओढ्यांमधला. केरळात त्याला 'मिस केरळ' म्हणतात. १८६५ साली फ्रान्सिस डे याने मद्रासचा गव्हर्नर डेनिसन याच्या नावाने त्याचं बारसं केलं, आणि २०१३ साली राघवन, फिलिप, अली आणि पुण्याच्या आयसरमधले नीलेश डहाणूकर या संशोधकांनी त्याच्यासाठी नवं कुळ उभं केलं. त्या कुळाचं नाव 'सह्याद्रिया'. आपल्या डोंगराच्या नावाने ओळखला जाणारा मासा, धोक्यात आलेल्या जातींच्या जागतिक यादीत असलेला मासा, आणि दादरच्या फ्लॅटमध्ये तो शार्क. त्याचा एक जुळा भाऊही आहे, चालकुडी नदीतला, ज्याच्या पाठीवरच्या परावर काळा डाग असतो. दोघे एकाच पिशवीत, एकाच भावात.

झेब्रा लोचची तीच कथा. अंगभर बारीक पट्ट्यांचा हा छोटा मासा, बोटिया स्ट्रायाटा, पश्चिम घाटाबाहेर जगात कुठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. कोल्हापूरकडच्या नद्या हे त्याचं माहेर. तोही धोक्यात आलेला. कोल्हापुरातला गृहस्थ पुण्याला येऊन तो 'थायलंडचा' म्हणून विकत घेतो आणि एसटीने पिशवी मांडीवर धरून परत कोल्हापूरला नेतो. गोवा-कर्नाटकातल्या ओढ्यांतल्या एका लालसर बार्बचं शास्त्रीय वर्णन छापगर आणि साने यांनी १९९२ साली 'सेतनाई' या नावाने केलं. छापगर हे तारापोरवाला मत्स्यालयाचे अभिरक्षक राहिलेले, म्हणजे प्रकरण अगदी मरीन ड्राइव्हचं. बाजार अजूनही त्याला 'नारायण बार्ब' म्हणतो. निदान हे नाव तरी आपल्यातलं आहे म्हणून मी गप्प बसतो.

रंगाच्या बाबतीत बाजाराने निसर्गाकडे मदत मागणं केव्हाच सोडलं. भारतातल्याच पारदर्शक काचमाशाला, पॅरांबॅसिस रंगाला, सुईने रंग टोचून 'डिस्को फिश' म्हणून विकायची पद्धत निघाली. काही महिन्यांत रंग उतरतो, तोवर मासा टिकला तर. 'पॅरट' म्हणून विकला जाणारा नारिंगी गोळा ऐंशीच्या दशकात तैवानात संकर करून बनवलेला. त्याचं तोंड नीट मिटतही नाही. झगमगणारा झेब्रा डॅनिओ हा तर आपल्याच गंगेकाठचा मासा. सिंगापूरच्या विद्यापीठात त्याच्यात जेलीफिशचा जनुक घातला आणि २००३च्या अखेरीपासून तो अमेरिकेत 'ग्लोफिश' म्हणून बाजारात आला. जनुक बदललेला जीव भारतात आणायचा किंवा विकायचा तर १९८९च्या नियमांप्रमाणे सरकारी मंजुरी लागते. दुकानदाराला मंजुरीचं विचारलं. तो म्हणाला, "पावती पाहिजे का? मग जीएसटी लागेल."

आरोवानाच्या बाबतीत चुकीचं नाव महागात पडतं आणि बरोबर नाव त्याहून महागात. वास्तुवाल्यांनी ईशान्य कोपऱ्यात ठेवायला सांगितलेला 'ड्रॅगन फिश' बहुधा दक्षिण अमेरिकेतला सिल्व्हर आरोवाना असतो. पाठीवरचा आणि पोटाखालचा पर लांबलचक, जवळजवळ शेपटीला भिडलेला, आणि शेपटी इवलीशी. लाखांत किंमत सांगतात तो आशियाई आरोवाना. त्याच्या पाठीवरचा पर आखूड असतो आणि शेपटी चांगली पंख्याएवढी पसरलेली. आशियाई हा वन्यजीवांच्या व्यापारावरच्या सायटिस या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टातला, म्हणजे त्याच्या कायदेशीर व्यापाराला प्रमाणपत्र आणि अंगात चिप लागते, आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२च्या दुरुस्तीनंतर असे प्राणी बाळगायचे तर नोंदणीही करावी लागते. तेव्हा दुकानदाराने सांगितलेलं नाव खोटं निघालं तर पैसे गेले, आणि खरं निघालं तर झोप गेली. ईशान्य कोपरा दोन्ही वेळा तसाच.

या सगळ्या बाजारात एकच पाटी मला प्रामाणिक वाटते. ती आफ्रिकन सिक्लिडच्या टाकीवर असते : 'मिक्स'. मलावी सरोवराच्या कित्येक जातींच्या माद्या एकसारख्या राखाडी, त्यांना एका हौदात ठेवलं की कोण कुणाची पिल्लं हे खुद्द आईलाही सांगता येणार नाही, आणि पिल्लांना लवकर रंग चढावा म्हणून काही जण हार्मोन खायला घालतात ते वेगळंच. 'मिक्स' लिहिणाऱ्याने निदान कबुली तरी दिली. त्याच्याकडून मी नेहमी दाणे विकत घेतो.

आता राहिला तो वाढलेला मासा, कारण तो वाढतोच. सकर फूटभराचा होतो, पंगस टाकीत वळू शकत नाही, 'छोटा गार' म्हणून आणलेल्याचा जबडा सुसरीचा निघतो. मग एके रात्री घरातली मंडळी बादली घेऊन तळ्याकडे निघतात. सोबत पुण्यकर्म केल्याचा भाव, मुलांच्या डोळ्यांत पाणी, आणि सगळा थाट विसर्जनाचा. फरक एवढाच, की याला 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणावं लागत नाही, कारण तो कुठे जातच नाही. एप्रिल २०२३मध्ये भोपाळच्या मोठ्या तलावात ॲलिगेटर गार सापडला, महिनाभरात श्रीनगरच्या दाल सरोवरात. हा मासा मूळचा अमेरिकेतला, आठ फुटांवर वाढू शकणारा. तो काही सायबेरियातल्या पक्ष्यांबरोबर स्थलांतर करून आलेला नाही. २०२० साली वाराणसीजवळ गंगेत सकर मिळाला, तेव्हा वर्तमानपत्रांनी 'विचित्र मासा' म्हणून फोटो छापले. फोटोतला विचित्र मासा देशातल्या प्रत्येक तिसऱ्या हॉटेलाच्या काउंटरवर काच पुसत असतो. उजनीच्या मच्छीमारांना तो चांगलाच ओळखीचा आहे : चिलापीसाठी लावलेल्या जाळ्यात हा काटेरी चिलखत घेऊन अडकतो, जाळी फाडतो, काठाला बिळं करतो, पाण्याबाहेर कित्येक तास जिवंत राहतो, आणि बाजारात त्याला कुणी विचारत नाही. त्या मच्छीमाराला जाऊन सांगा, की हा मासा कुणाच्या तरी दिवाणखान्यात सफाईला ठेवला होता.

त्यातल्या त्यात शहाणी माणसं वाढलेला मासा दुकानात परत नेतात. दुकानदार कपाळाला आठ्या घालतो, "जागा अडते साहेब" म्हणतो, उपकार केल्यासारखा ठेवून घेतो, एक रुपया देत नाही. पुढच्या रविवारी तोच पंगस पुढच्या मोठ्या टाकीत एकटा, वर निळा दिवा, आणि काचेवर ताज्या मार्करने लिहिलेलं : 'मॉन्स्टर शार्क, रेअर, शो साइझ'. किंमत पाच आकडी. खाली बारीक अक्षरांत, एक्सचेंज होणार नाही.